माप कुणाच्या हातात? बडोद्याच्या दुधाची गोष्ट

(दृश्य: बडोदा जिल्ह्यातल्या पादरा तालुक्यातलं गाव, सकाळी सहा. दूधमंडळीसमोर, म्हणजे गावच्या सहकारी दूधसंस्थेसमोर, रांग.)

बरण्या घेऊन उभ्या आहेत त्या बहुतेक बायकाच. आत्ताच धार काढून आल्यात, दूध अजून कोमट आहे. बरणी रिकामी झाली की नमुना यंत्रात जातो, फॅटचा आकडा समोर उमटतो आणि चिठ्ठी हातात पडते. दोन मिनिटांचं काम. पण आपलं दूध आपल्या डोळ्यांदेखत मोजलं जावं, एवढ्यासाठी या मुलखाला भांडावं लागलं होतं.

(दृश्य: गोठा. म्हैस जवळून.)

ही सुरती म्हैस. नाव सुरतेचं असलं तरी तिचं माहेर मही आणि साबरमतीच्या मधला पट्टा, म्हणजे चरोतर. विळ्यासारखी शिंगं, तांबूस-काळं अंग, आणि दोन पांढरे पट्टे: एक जबड्याखाली, दुसरा छातीवर. देखणी आहे, आणि आटोपशीरही. खाणं बेताचं, दुधाला फॅट मात्र सात टक्क्यांच्या आसपास. भोवती कपाशीचा मुलूख, त्यामुळे आंबोणात सरकी आणि सरकीची पेंड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

एवढं सकस दूध असूनही पूर्वी ते फार लांब जात नसे. उन्हाळ्यात काही तासांत नासणारी वस्तू विकणार तरी कुठे? म्हणून घरोघरी विरजण लागायचं, लोणी कढायचं, आणि पैसा यायचा तो तुपाचा. ताक शेजारीपाजारी असंच दिलं जायचं.

रेल्वे आली, दूध तापवून टिकवणारं पाश्चरायझेशन आलं, तसं दुधालाच गिऱ्हाईक मिळालं. आणंदला पोल्सन या खासगी कंपनीची डेअरी होती. 1945 मध्ये मुंबई सरकारने शहरासाठी दूधयोजना काढली आणि आणंदचं दूध चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून मुंबईला जाऊ लागलं. पुरवठ्याचा करार पोल्सनशी. पोल्सन आणि शेतकरी यांच्यामध्ये दलाल. माप दलालाचं, भावही त्याचाच. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात, नेमका तेव्हाच भाव पडायचा. ‘दूध नासलंय’ असं त्याने म्हटलं की विषय संपला. तपासणार कोण?

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. 4 जानेवारी 1946 रोजी सामरखा गावात मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. ठरलं असं की गावोगाव मंडळ्या काढायच्या, दूध मंडळीलाच घालायचं, आणि मंडळ्यांचं दूध घेणं सरकार मान्य करत नाही तोवर पोल्सनला थेंब द्यायचा नाही. पंधरा दिवस दूध गेलं नाही. मुंबईची योजना अडली, सरकार नमलं. त्याच वर्षी 14 डिसेंबरला खेडा जिल्हा संघाची, म्हणजे आजच्या अमूलची, नोंदणी झाली, अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. सुरुवातीला गावं दोन, दूध दिवसाला सुमारे अडीचशे लिटर.

(दृश्य: बडोदा. दांडिया बाजार, रावपुरा.)

सामरखा तेव्हा ब्रिटिश मुलखात होतं. चरोतराचाच पेटलाद तालुका मात्र गायकवाडांचा. एकाच चरोतरात दोन राज्यं. आणि सहकार म्हणाल, तर बडोद्याला तो नवा नव्हता. 1889 साली याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ सुरू केली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. नडलेल्या माणसाने सावकाराकडे न जाता आपल्यातच पैसा उभा करावा, हा तिचा विचार. इथल्या मराठी माणसाने या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा.

1949 मध्ये खेडा संघाच्या आणंदला इंजिनियर वर्गीज कुरियन आले, पुढे दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलायाही. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. दलायांनी ती करून दाखवली आणि 1955 मध्ये कारखाना उभा राहिला. त्याचं मोल हिवाळ्यात कळलं. जादा दूध नासायच्या आत पावडर होऊ लागलं, भाव पाडायचं निमित्तच गेलं.

बडोदा जिल्ह्याने तीच घडी उचलली. 1957 मध्ये जिल्हा दूध उत्पादक संघ स्थापन झाला, आपण ज्याला बडोदा डेअरी म्हणतो तो. 1973 मध्ये गुजरातचा राज्य महासंघ झाला, तेव्हा पहिल्या सहा संघांत बडोदाही होता.

(दृश्य: टेबलावर काचेची नळी, टेस्टरचे हात.)

यंत्र येण्याआधीची तपासणी अशी. नळीत आधी सल्फ्युरिक ॲसिड, मग पावणेअकरा मिलिलिटर दूध, वर थोडं अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की मिश्रण गडद तपकिरी होतं आणि नळी हाताला चटका देते. नळ्या यंत्रात गरागरा फिरवल्या की फॅट वर येतं, सोनेरी, पारदर्शक. नळीवरच्या रेघा मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा. दुधात पाणी घातलेलं असलं की आकडा खाली यायचा. रांगेत कोण कुठल्या जातीचा, जमीन किती, हे त्या नळीला दिसत नसे.

एक अन्याय मात्र बरीच वर्षं तसाच राहिला. वैरण बाईने कापायची, शेण तिने काढायचं, पान्हा तिच्या हाताला सुटायचा. सभासद म्हणून नाव नवऱ्याचं. आता बायकांनी चालवलेल्याही मंडळ्या आहेत. तिथे सचिव बाई, टेस्टर बाई, आणि वर्षाअखेरीचा भावफरक, म्हणजे दुधावरचा जादा पैसा, म्हैस सांभाळणाऱ्या सभासद बाईच्या खात्यात.