इन्कॉग्निटो कुणापासून लपवतं?

श्रोतेहो, नमस्कार.

मूल होत नाही, छातीत गाठ हाताला लागते, रात्र रात्र झोप येत नाही. डॉक्टरांसमोरसुद्धा पटकन जिभेवर न येणाऱ्या अशा गोष्टी आज आपण सगळ्यांत आधी मोबाइलला विचारतो. कुणाला कळू नये म्हणून अनेक जण त्याआधी क्रोममधली इन्कॉग्निटो विंडो उघडतात. ती उघडली की आपण सुरक्षित, असं त्यांना वाटतं. याच समजुतीबद्दल मला आज बोलायचं आहे.

इन्कॉग्निटो विंडो बंद केल्यावर त्या फोनच्या हिस्टरीत काही राहत नाही. म्हणजे तुमच्यानंतर कुणी फोन हातात घेतला, तर तुम्ही काय पाहिलंत ते त्याला दिसत नाही. तिचं काम एवढंच. तुम्ही ज्या साइटवर गेलात, तिला तुमची भेट कळतेच. 2020 साली अमेरिकेत काही वापरकर्त्यांनी याच मुद्द्यावर गूगलवर दावा लावला. 2024 मध्ये तडजोड झाली आणि अशा खासगी ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायला गूगल तयार झालं. त्या नोंदी तोवर साठलेल्या होत्या, हे लक्षात घ्या.

साइट तुम्हाला ओळखते ती बहुतेकदा कुकीवरून. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. मुळात ही उपयोगी वस्तू. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी ती तयार केली, साइटला तुमची ओळख लक्षात राहावी म्हणून. बिघडलं ते पुढे. तुम्ही एखादं पान उघडता, तेव्हा त्यावरची जाहिरात, लाइकचं बटण, कधी डोळ्यांना न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र, हे भलत्याच कंपन्यांकडून येतं. ते आणताना तुमचा ब्राउझर त्या तिऱ्हाईत कंपनीची कुकीही तिला दाखवतो. तीच कंपनी औषधांच्या साइटवर, बातम्यांच्या साइटवर, कर्जाच्या साइटवरही बसलेली असते. वाण्याच्या, डॉक्टरांच्या आणि सावकाराच्या दारात एकच माणूस वही घेऊन उभा असावा, तसं हे आहे.

यातून काय होतं, ते गुडआरएक्स या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात दिसलं. औषधांवर सवलतीची कूपनं देणारी ही कंपनी. लोकांच्या औषधांची आणि आजारांची माहिती तिने फेसबुक, गूगल अशा जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्यांना पुरवली, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा आरोप होता. 2023 मध्ये ते प्रकरण 15 लाख डॉलर दंडावर मिटलं.

“माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?” असं म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आजारपण ही लाज नाही, पण ते कुणाला सांगायचं हे तुम्हीच ठरवायचं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यासाठी याचिका केली होती ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींनी.

आता हाताने करायचं काम. आयफोनमधला सफारी ब्राउझर 2020 पासून तिऱ्हाईत कुकी आपणहून अडवतो. फायरफॉक्स ब्राउझर 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या ठेवतो. क्रोममधून या कुकी काढू, असं गूगलने 2020 मध्ये जाहीर केलं होतं, पण 2024 मध्ये तो बेत सोडला. त्यामुळे क्रोममध्ये हे तुम्हालाच करावं लागेल. वरच्या तीन ठिपक्यांवरून सेटिंग्जमध्ये जा, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा, तिथे ‘थर्ड पार्टी कुकीज’ ब्लॉक करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅड्स’ शोधून जाहिरात-ओळख (अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी), म्हणजे जाहिरात कंपन्या तुमचा फोन ज्यावरून ओळखतात ती खूण, डिलीट करा. गूगल खात्यात साइन-इन असताना नाजूक काही शोधू नका, कारण तो शोध खात्याच्या नोंदीत जाऊ शकतो. साइट कुकीची परवानगी मागते तेव्हा घाईत ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबू नका, ‘रिजेक्ट’ शोधा. ते बहुधा मुद्दाम बारीक अक्षरांत असतं.

एवढं केलं तरी पाळत पूर्ण थांबत नाही. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइम झोन यांच्या मेळावरूनही ब्राउझर ओळखता येतो. तुमचा किती ओळखता येतो, ते ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या मोफत साइटवर तपासता येतं. आणि कुकी अडवल्यावर एखाद्या साइटचं लॉगिन अडलं, तर सगळं पुन्हा खुलं करू नका. फक्त त्या एका साइटपुरती परवानगी द्या, ती सोय त्याच सेटिंगमध्ये आहे.