गोळी घरी गेल्यावर काय होतं?

फार्मसिस्ट मित्रहो, औषध बाजारात येईपर्यंत त्याची कसून परीक्षा होते. डोस किती, रक्तात किती उतरलं, शरीराबाहेर कधी पडलं, सगळ्याची नोंद ठेवली जाते. पण गोळी रुग्णाच्या घरी गेल्यावर तिचं काय होतं, याची चौकशी आपण फार कमी करतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितलं, की विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांत सरासरी निम्मेच रुग्ण औषधं ठरल्याप्रमाणे घेतात. हे ऐकलं की आपल्यापैकी अनेकजण म्हणतात, ‘लोक ऐकतच नाहीत.’ मला हे मुळीच मान्य नाही.

२००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. रुग्णांना बाटलीवरची सूचना वाचायला दिली होती: दोन गोळ्या, दिवसातून दोनदा. ज्यांना वाचन जड जातं अशा रुग्णांपैकीही सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. मग त्यांना दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितलं. चार गोळ्या दाखवणारे निघाले जेमतेम ३५ टक्के! आपण काउंटरवर ‘समजलं ना?’ एवढंच विचारतो, रुग्ण मान डोलावतो आणि आपण पुढच्या माणसाकडे वळतो. खरं तर ‘घरी गेल्यावर कशा घ्याल, मला दाखवा’ असं म्हणायला हवं. आणि ‘दिवसातून दोनदा’ऐवजी ‘सकाळी दोन, रात्री दोन’ लिहिलं तर समजायला सोपं जातं, हेही पुढच्या संशोधनात दिसलं आहे.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर ही चूक जिवावर बेतते. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते; अस्थिमज्जेचं काम मंदावतं, रक्तपेशी घटतात. अशाने माणसं दगावली आहेत. म्हणून पाकिटावर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ नको, वार लिहा.

आता जाणूनबुजून गोळी न घेणाऱ्यांकडे येऊ. मला स्वतःला संशोधनाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रॉब हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रश्नावली मांडली. तिच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत: हे औषध मला खरंच लागतं का, आणि त्याची मला कितपत भीती वाटते? रक्तदाबाच्या रुग्णाला आधी काहीच त्रास नसतो. लघवीचं प्रमाण वाढवणारी गोळी सुरू झाली, की मात्र प्रवासात पंचाईत होते. तो प्रवासाच्या दिवशी गोळी टाळतो. याला विसरभोळेपणा कसा म्हणायचा? त्याने विचार करून घेतलेला तो निर्णय आहे. वेळ बदलून हा प्रश्न बऱ्याचदा सुटतो, पण त्यासाठी त्याने ते आपल्याला सांगायला हवं, आणि न रागावता ऐकणारं कोणीतरी हवं.

इंग्लंडमध्ये निक बार्बर यांच्या गटाने नव्याने औषध सुरू केलेल्यांना १० दिवसांनी विचारलं. औषध चालू असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक तोपर्यंतच डोस चुकवत होते, आणि त्यातले जवळपास निम्मे जाणूनबुजून. या कामाच्या आधारावर तिथे २०११ पासून नव्या औषधासाठी वेगळी सेवा सुरू झाली. औषध सुरू झाल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी फार्मसिस्ट रुग्णाशी पुन्हा बोलतो. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे औषध नीट घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

शेवटचा मुद्दा दुष्परिणाम कळवण्याचा. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतल्याने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली. त्या शोकांतिकेनंतर ब्रिटनने १९६४ मध्ये ‘यलो कार्ड’ योजना आणली, ती आधी डॉक्टरांसाठी. देशभरातल्या रुग्णांना थेट कळवण्याची सोय व्हायला २००५ उजाडलं. दोन्हींच्या नोंदी ताडून पाहिल्यावर दिसलं, की त्रासाचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम झाला हे रुग्ण जास्त तपशिलाने लिहितात. डॉक्टर ‘चक्कर’ एवढंच नोंदवेल. बाई लिहील की मी एकटीने जिना उतरणं सोडलं आहे. पडून खुब्याचं हाड मोडण्याआधी मिळालेली ती सूचना असते. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हा विचार तिथूनच सुरू करता येतो.