मानलेल्या आईचं जाणं

मंडळी, कुटुंबोपचारात पहिल्या भेटीतच बहुधा एक कागद पुढे येतो, जेनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या नात्यांचा नकाशा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, माणूस गेलं असेल तर आत फुली. विचारत विचारत तीन पिढ्या मांडायच्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत हा कागद भरताना अडायला होतं ते एका बाईपाशी. जिनं लहानाचं मोठं केलं, शाळेत सोडलं, आजारपणात उशाशी बसली, तिचं रक्ताचं नातंच नसतं. तिकडे तिला 'प्ले मामा' म्हणतात. आपण मानलेली आई म्हणू.

मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांनी १९८९ साली या कुटुंबांच्या उपचारावर सविस्तर ग्रंथ लिहिला. एका छपराखालच्या माणसांवर थांबू नका. आजी, मावश्या, चर्चमधली माणसं, मानलेली नाती, सगळ्यांना धरा, हा त्यांचा आग्रह. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण या नात्यांमागे इतिहास आहे. गुलामांच्या बाजारात आई एकीकडे विकली जायची, लेकरू दुसरीकडे. मागे राहिलेल्या पोराला जी पदराखाली घेई, ती आई.

न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात १८७७ पासून 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदर येऊ लागलं, गुलामीत ताटातूट झालेली आपली माणसं शोधणाऱ्यांच्या पत्रांचं. आईचं नाव, मालकाचं नाव, भावंडं कोण कोण, ताटातूट कुठे झाली, एवढाच मजकूर. पाद्र्यांनी तो चर्चमध्ये वाचून दाखवावा अशी विनंती वर छापलेली असे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यानंतर चार वर्षांनीही तिथली माणसं आईचा पत्ता विचारत होती. पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास करून 'संदिग्ध वियोगा'ची संकल्पना मांडली: माणूस गेलं की आहे हेच कळत नाही, म्हणून रडताही येत नाही. त्या सदरातलं प्रत्येक पत्र याच वियोगाचं आहे.

आणि आज? डेब्रा अंबरसन आणि सहकाऱ्यांचं संशोधन २०१७ मध्ये आलं. बालपणापासून मध्यमवयापर्यंत आई, वडील, भावंड गमावण्याची शक्यता कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांपेक्षा जास्त आढळली. अपत्य आणि जोडीदाराच्या मृत्यूचंही तेच. म्हणजे एकाचं दुःख ओसरायच्या आत दुसरं दारात. असा माणूस समुपदेशकासमोर कोरड्या डोळ्यांनी बसला, तर 'हा सावरलाय' असं कृपा करून लिहू नका.

त्यात कुणी गेल्यावर मिळणारी कामावरची रजा. ती बहुतेक ठिकाणी मोजक्या दिवसांची, आणि जवळच्या नातलगापुरती. मानलेल्या आईसाठी अर्जात रकानाच नाही. जसं आपल्याकडे तिचं सुतक नसतं. केनेथ डोका यांनी अशाच दुःखाला १९८९ मध्ये नाव दिलं: ज्याचा हक्कच समाज मानत नाही असं दुःख.

कृष्णवर्णीय समाज स्वतः मात्र तो हक्क मानतो. अंत्यविधीला तिथे 'होमगोइंग' म्हणतात, घरी परतणं. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका शोकाकुलांना वारा घालतात, रुमाल देतात. गाणी होतात, नंतर एकत्र जेवण. दारात प्रत्येकाच्या हाती एक छापील पुस्तिका येते: गेलेल्या माणसाचा फोटो, जीवनकथा, मागे कोण राहिलं त्यांची नावं. त्या यादीत अनेकदा पोटच्या मुलांबरोबर मानलेली लेकही असते, नावानिशी.

माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणते, जेनोग्रामसाठी पेन्सिल उचलण्याआधी विचारा, ती पुस्तिका घरात जपून ठेवलीय का? असेल तर पुढच्या वेळी घेऊन या म्हणावं. आणि ती वाचायला दोघांनी मिळून बसावं.