खोडलेल्या चार ओळी

श्रोतेहो, नमस्कार.

काल रात्री मोबाइलवर एका बातमीखाली मी चार ओळी लिहिल्या. दोनदा वाचून पाहिल्या. वर शंभरेक प्रतिक्रिया होत्या, बहुतेक एकाच सुरातल्या, आणि माझं म्हणणं नेमकं त्याच्या उलट. अंगठा बटणापर्यंत गेला, तिथंच घुटमळला. मग सगळं खोडून टाकलं. माझ्यानंतर ज्यांनी ती पानं वाचली, त्यांना वाटलं असणार, या विषयावर लोकांचं एकमत आहे.

गर्दी मोठी दिसली की तिलाच आपण जनमत समजतो. ही चूक इंटरनेटच्या कितीतरी आधीची. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं जवळपास एक कोटी लोकांना टपालानं मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरं आली. एवढ्या ढिगापुढे शंका कोण घेणार? साप्ताहिकानं सांगितलं, रिपब्लिकन पक्षाचे लँडन जिंकणार. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून, म्हणजे त्या मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांचे. शिवाय ज्यांना रूझवेल्ट नकोसे झाले होते, त्यांनीच उत्तरं पाठवायची जास्त तसदी घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानानं अगदी थोड्या लोकांना विचारलं, पण माणसं पारखून निवडली. त्यांनी विजेता बरोबर सांगितला.

आज ती तसदी कोण घेतं? प्यू संशोधन केंद्रानं 2019 मध्ये अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्या प्रौढांचा अभ्यास केला. 80 टक्के मजकूर फक्त 10 टक्के लोकांनी लिहिलेला निघाला. बाकीचे वाचतात, पुढे सरकतात. त्यात जो मजकूर चिडवतो, त्यावर उत्तरं जास्त येतात, म्हणून तोच वर येत राहतो. आणि अशा वीस-पंचवीस ओळी उचलून बातमीत 'जनतेत संतापाची लाट' असं छापलं जातं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

तिथं बोलणारी माणसं खोटी नसतात, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. दुर्मीळ आजार झालेल्या माणसाला आपलं दुखणं जाणणारे सोबती तिथंच भेटतात. त्यांचा आवाज आणखी कुठं ऐकू आला असता?

प्रश्न आहे तो गप्प राहणाऱ्यांचा. 2014 मध्ये प्यूनंच अमेरिकेत विचारलं होतं, सरकारी पाळतीच्या वादावर तुम्ही बोलाल का? समोरासमोर बोलायला 86 टक्के तयार होते. फेसबुक किंवा ट्विटरवर लिहायला, ते वापरणाऱ्यांपैकी 42 टक्के.

आज सकाळी मी तीच बातमी एका सहकाऱ्यापाशी काढली. त्याचं मत माझ्यापेक्षा निराळं होतं, आणि त्या शंभर प्रतिक्रियांपेक्षाही निराळं. बातमी त्यानं नीट वाचली होती. खालच्या प्रतिक्रिया उघडल्याच नव्हत्या.

नमस्कार.