म्हशीचा रंग कोणता?

श्रोतेहो, नमस्कार. गावात चित्रकलेचा छोटासा वर्ग काढायचा म्हटलं की आधी जागेची काळजी लागते. जागेचं सोडा. ओसरी चालते, शाळेची रिकामी खोली चालते. उजेड तेवढा एका बाजूने यावा. आणि माणसं सहा. पुन्हा सांगते, सहाच. सातवा आला की कुणाचं तरी चित्र बघायचं राहून जातं.

जलरंगांनी सुरुवात करा. कागद मात्र 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड घ्या. वहीचा कागद पाणी लागलं की फुगतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात वाईट. मोठ्या कागदाचे चार तुकडे करा, भरपूर होतात. प्रत्येकाजवळ पाण्याची दोन भांडी हवीत. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घ्यायचं. दोन भांडी, लक्षात ठेवा.

माझ्या पहिल्या वर्गात मी म्हटलं, "काय हवं ते काढा." सहापैकी पाच कागदांवर दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि खाली झोपडी! चित्रकलेच्या स्पर्धांनी हे डोंगर आपल्या हातात बसवलेत. माझं ऐकाल तर लहान मुलांच्या स्पर्धा दहा वर्षं बंद ठेवाव्यात. असो.

सहाव्या होत्या एक आजी. त्यांनी म्हैस काढली होती. पाय जरा आखूड होते, पण मान वळवून बघण्याची ऐट अगदी म्हशीची. मी कौतुकाने काळ्या रंगाची ट्यूब पुढे केली. आजींनी हातही लावला नाही.

"बाई, म्हस काळी कुठं असती?"

मी गप्प. त्या म्हणाल्या, "पाण्यातनं निघाली की पाठीवर आभाळ दिसतं. पोटाखाली तांबूस असती. तुमी कधी धुतली न्हाई वाटतं."

नव्हती धुतली! मग आम्ही दोघी बसलो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, एकत्र केले. निळा नि नारिंगीकडे झुकणारा तपकिरी एकमेकांचा भडकपणा मारतात आणि दाट, खोल राखाडी तयार होतो. पाठीसाठी निळा वाढवला, पोटाकडे तपकिरी. जिथं ऊन चमकत होतं, तिथं आजींनी कागद कोराच सोडला. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते. पाच डोंगरवाले उठून त्यांच्यामागे उभे राहिले. एकाने हळूच आपला सूर्य पुसायला घेतला, तर कागदच फाटला.

तेव्हापासून नवशिक्यांच्या डब्यात मी काळी ट्यूब ठेवत नाही. थेट फासलेला काळा कागदाला भोक पडल्यासारखा दिसतो. ट्यूबवरून आठवलं, रंगाची ही पत्र्याची ट्यूब जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये पेटंट केली. त्याआधी कालवलेला तेलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत. झाकण घट्ट बसलंय म्हणून कुरकुरताना हे आठवावं.

तर सामान पुन्हा एकदा: जाड कागद, दोन भांडी, निळा, पिवळा, लाल आणि तो तपकिरी. फिकट रंग आधी, गडद नंतर. आणि माणसं सहा.

पुढच्या आठवड्यात आजी सुनेला घेऊन आल्या. झाली की सात. तिला माझ्या स्टुलावर बसवलं आणि मी दोन तास उभी राहिले.