औषधांचे पेटंट आणि ग्राहकाचे नुकसान: एका अभ्यासाच्या आधारे

सरकारने एखाद्या उद्योगाला हात द्यावा की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत कधीच नव्हते. त्या वादाच्या तात्त्विक बाजूत न शिरता आज मी भारतीय औषधउद्योगाविषयीच बोलणार आहे, कारण येथे धोरण केव्हा आणि कसे बदलले हे स्पष्ट आहे आणि त्याचे परिणाम मोजण्याचा गंभीर प्रयत्नही झालेला आहे.

1970 चा पेटंट कायदा 1972 मध्ये अमलात आला. त्याआधीच्या, 1911 च्या कायद्यानुसार प्रत्यक्ष औषधावर पेटंट घेता येत असे. नव्या कायद्याने ते बंद केले आणि केवळ औषध तयार करण्याच्या प्रक्रियेला, तेही जास्तीत जास्त सात वर्षे, संरक्षण ठेवले. त्यामुळे तेच औषध वेगळ्या मार्गाने तयार करणे कायदेशीर ठरले. याला नक्कल म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. रासायनिक प्रक्रियेतील पायऱ्या कमी करणे, त्याच कच्च्या मालातून अधिक उत्पादन काढणे, वापरलेले द्रावक परत मिळवणे ही कौशल्ये कारखान्यात काम करूनच येतात, आणि ती आल्याशिवाय पुढचे संशोधनही होत नाही. अर्थात एकट्या कायद्याने हे घडले नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 पासून उभी होती; जाणती माणसे तयार होत होती.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि बौद्धिक संपदेच्या करारानुसार 2005 पर्यंत औषधांवर पुन्हा पेटंट देणे भारताला बंधनकारक झाले. याची किंमत किती? शुभम चौधुरी, पिनेलोपी गोल्डबर्ग आणि पॅनले जिया या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिप्रोफ्लॉक्सॅसिन ज्या गटात मोडते त्या फ्लुओरोक्विनोलोन प्रतिजैविकांच्या भारतातील किमती आणि विक्री तपासली. या गटातील चार औषधांची देशी उत्पादने बाजारातून नाहीशी झाली, तर किमतींवर नियंत्रण असूनही भारताचे वर्षाला सुमारे 30.5 कोटी डॉलर नुकसान होईल, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यात देशी कंपन्यांचा बुडालेला नफा सुमारे 5 कोटी डॉलरचा. बाकीचा सारा भार ग्राहकांवर. आणि परदेशी कंपन्यांचा वाढीव नफा जेमतेम 2 कोटी डॉलर! एकाच्या लाभापेक्षा दुसऱ्याची हानी पंधरा पटींनी मोठी असणे, हे मला या अभ्यासातील सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण वाटते.

हे नुकसान केवळ भाववाढीचे नाही; जवळचे पर्याय नाहीसे होण्याचेही आहे. एकाच औषधाची देशी आणि परदेशी उत्पादने एकमेकांना जितकी पर्यायी होती, त्याहून दोन वेगवेगळ्या औषधांची देशी उत्पादने एकमेकांना अधिक जवळची ठरत होती. लेखकांच्या मते याचे संभाव्य कारण वितरणात आहे: देशी कंपन्यांचा माल गावोगावच्या केमिस्टकडे सहज मिळतो. रुग्णाला दुकानात जे मिळते, तेच त्याच्यापुरते बाजारात असते. म्हणून औद्योगिक धोरणाचा विचार करताना कारखान्याइतकाच घाऊक विक्रेता आणि केमिस्टही हिशेबात धरावा लागतो.

या आकड्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा कल्पित परिस्थितीचा हिशेब आहे. 2005 च्या बदलाने आधीपासून विकली जाणारी जुनी औषधे काढून घेतली नाहीत. शिवाय पेटंटमुळे नव्या संशोधनाला मिळू शकणारी चालना त्यात मोजलेली नाही.

दरम्यान दुसरीच बाजू उघडी पडली. गोळ्या आपण करतो, पण त्यांतील मूळ द्रव्यांसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहोत. ज्या देशात 1955 मध्येच पिंपरीला पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, त्या देशाला 2020 च्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन जी पुन्हा समाविष्ट करावे लागले. त्या योजनेचे मूल्यमापन करताना किती टन माल निघाला याबरोबरच, चीनने भाव पाडल्यावरही ते कारखाने चालू राहतात का, हे तपासावे लागेल.