सुसंगती गुणोत्तर नेमके काय तपासते? ए.एच.पी.मधील जोडीनिहाय तुलना

नमस्कार. बहुनिकष निर्णयपद्धतींपैकी अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस, म्हणजेच ए.एच.पी., वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रबंधात एक वाक्य हमखास आढळते: ‘सुसंगती गुणोत्तर ०.१०पेक्षा कमी असल्यामुळे तुलना ग्राह्य आहेत.’ हे गुणोत्तर कशाचे आहे आणि ते कमी आले म्हणजे नेमके काय सिद्ध होते, एवढेच आज आपण तपशिलात पाहणार आहोत.

उदाहरण पाझर तलावासाठी जागा निवडण्याचे घेऊ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे आणि या खडकात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. त्यामुळे आपल्याकडील भूजलाच्या जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशांवर आधारलेल्या, अभ्यासांत खडकाची ठेवण, जमिनीचा उतार आणि भूवापर हे निकष वारंवार येतात. पुढील आकडे मात्र केवळ समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही सर्वेक्षणातले नाहीत.

गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि १९७७ साली तिची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. या पद्धतीत तज्ज्ञाला सगळ्या निकषांचे भार एकदम विचारत नाहीत. दोन-दोन निकष समोर ठेवून, कोणता किती पटीने महत्त्वाचा, हे १ ते ९ या मापावर विचारतात. आपल्या तज्ज्ञाने सांगितले की खडक उताराच्या ३ पट महत्त्वाचा आणि उतार भूवापराच्या ३ पट महत्त्वाचा आहे. या दोन उत्तरांवरून तिन्ही भार काढता येतात, कारण खडक भूवापराच्या ९ पट ठरतो. तरीही तिसरा प्रश्न विचारला जातो आणि तज्ज्ञ उत्तर देतो: ५.

(पडद्यावर मॅट्रिक्स, म्हणजे तुलनांचा चौकोनी तक्ता; ओळी आणि स्तंभ खडक, उतार, भूवापर या क्रमाने, उलट्या तुलनेला उलटा आकडा. पहिली ओळ: १, ३, ५. दुसरी ओळ: १/३, १, ३. तिसरी ओळ: १/५, १/३, १.)

हा तिसरा प्रश्न गणिताच्या दृष्टीने अनावश्यक आहे आणि नेमका म्हणूनच तो मोलाचा आहे. निकष ७ असतील तर भार काढायला ६ तुलना पुरतात, पण आपण २१ विचारतो. उरलेल्या १५ तुलना या आधीच्या उत्तरांची उलटतपासणी असतात.

आता आकडेमोड पाहू. या मॅट्रिक्सवरून भार येतात खडक ०.६३७, उतार ०.२५८ आणि भूवापर ०.१०५. मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीने या भारांना क्रमाने गुणून बेरीज केली की १.९३६ मिळतात आणि त्याला खडकाच्या भाराने, म्हणजे ०.६३७ने भागले की सुमारे ३.०३९ येतात. तिन्ही ओळींसाठी असेच करून सरासरी काढली की मॅट्रिक्सचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य (मॅट्रिक्सची एक वैशिष्ट्यदर्शक संख्या), ज्याला लॅम्डा-मॅक्स म्हणतात, ते मिळते. उत्तरे पूर्णपणे सुसंगत असती, तर ते निकषांच्या संख्येइतके, म्हणजे बरोबर ३ आले असते. विसंगती असली की ते नेहमी त्याहून मोठेच येते, कधीही लहान येत नाही. म्हणून त्यातून ३ वजा करून २ने, म्हणजे निकषांच्या संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येने भागले की सुसंगती निर्देशांक मिळतो. इथे तो ०.०१९ आहे.

पण ०.०१९ थोडे की फार, हे ठरवायला काहीतरी माप हवे. साटी यांनी ते असे शोधले: याच मापावरचे आकडे तज्ज्ञाऐवजी यदृच्छेने भरले, तर निर्देशांक सरासरी किती येतो? तीन निकषांसाठी तो ०.५८, चारसाठी ०.९०, पाचसाठी १.१२ असा दिला जातो. आपला निर्देशांक या सरासरीने भागला की सुसंगती गुणोत्तर मिळते, जे इथे ०.०३३ आहे. म्हणजे या तज्ज्ञाची विसंगती, डोळे मिटून आकडे भरणाऱ्याच्या विसंगतीच्या सुमारे ३ टक्के आहे. ०.१०ची मर्यादा हा निसर्गनियम नव्हे, तो व्यवहारासाठी केलेला संकेत आहे. स्वतः साटी यांनीच पुढे तीन निकषांसाठी ०.०५ आणि चार निकषांसाठी ०.०८ अशा अधिक कडक मर्यादा सुचवल्या, ज्यांचा उल्लेख प्रबंधांत क्वचितच दिसतो.

आता तिसरे उत्तर बदलून पाहू. तज्ज्ञ म्हणाला की भूवापरच खडकाच्या ३ पट महत्त्वाचा आहे. खडक उतारावर भारी, उतार भूवापरावर भारी आणि भूवापर खडकावर भारी, असे हे चक्र झाले. लॅम्डा-मॅक्स ४.३३ होतो आणि गुणोत्तर १.१५, म्हणजे यदृच्छेने भरलेल्या सरासरी मॅट्रिक्सपेक्षाही वाईट. पण भार पाहा: तिन्ही निकषांना बरोबर एक-तृतीयांश! नुसता भारांचा तक्ता छापला तर वाचणाऱ्याला वाटेल की तज्ज्ञाने तिन्ही निकष समान मानले आहेत. प्रत्यक्षात त्याने एकही जोडी समान मानलेली नाही. गुणोत्तर तपासल्याशिवाय भार छापू नयेत, याचे मला यापेक्षा चांगले कारण सुचत नाही.

मात्र मोठ्या गुणोत्तराचा सगळा दोष तज्ज्ञावर टाकणेही अन्यायाचे आहे. समजा, एखाद्याला मनापासून वाटते की पहिला निकष दुसऱ्याच्या ५ पट आणि दुसरा तिसऱ्याच्या ५ पट आहे. मग पहिला तिसऱ्याच्या २५ पट हवा. पण माप ९ वर संपते. त्याने शक्य तेवढे मोठे उत्तर, म्हणजे ९ दिले, तरी गुणोत्तर ०.१०१ येते आणि तो नापास होतो. दोन्ही उत्तरे ९ असतील, तर तिसरे ९ देऊनही गुणोत्तर ०.४८ येते. ही विसंगती माणसाच्या मनातली नाही, मापाच्या टोकाची आहे. अशा वेळी ज्यांच्या महत्त्वात फार मोठी तफावत आहे असे निकष एकाच गटात तुलनेला ठेवू नयेत. लहान निकषांचा एक उपगट करून उतरंडीत खालच्या पायरीवर न्यावा.

गुणोत्तर मोठे आले तर चूक कोणत्या उत्तरात आहे, हे शोधण्याची एक रीत आहे. प्रत्येक तुलनेचा आकडा त्या दोन निकषांच्या भारांच्या गुणोत्तराशी ताडून पाहायचा आणि ज्याची तफावत सर्वांत जास्त, त्या जोडीवर संशय घ्यायचा. निकष चार किंवा अधिक असतील तर ही रीत उपयोगी पडते, कारण प्रत्येक जोडी अनेक त्रिकुटांत येते आणि इतर उत्तरे साक्ष देतात. निकष तीनच असतील तर मात्र तिन्ही जोड्यांची तफावत अगदी सारख्याच पटीची निघते. म्हणजे काहीतरी जुळत नाही एवढेच गणित सांगते. कोणते उत्तर बदलायचे, हे ते सांगू शकत नाही. ते फक्त उत्तर देणाराच सांगू शकतो.

म्हणूनच गुणोत्तर ०.१०च्या खाली येईपर्यंत आकडे आपणच, किंवा सॉफ्टवेअरकडून, हलवून घेण्याची जी सवय पडली आहे, ती मला गैर वाटते. त्यातून मिळणारे भार सुसंगत असतील, पण ते तज्ज्ञाचे राहत नाहीत. संशयित जोडी तज्ज्ञासमोर पुन्हा ठेवावी, त्याची आधीची दोन उत्तरे त्याला दाखवावीत आणि तो ठाम राहिला तर ते उत्तर तसेच नोंदवावे. याउलट, ज्याने सगळीकडे १ भरून प्रश्नावली परत केली, त्याचे गुणोत्तर शून्य येते. तो सर्वांत सुसंगत ठरतो, कारण त्याने काही सांगितलेलेच नाही.

शेवटी गटाच्या निर्णयाबद्दल. अनेक तज्ज्ञांची उत्तरे एकत्र करताना प्रत्येक जोडीच्या आकड्यांचा भूमितीय मध्य घेतात आणि बरेचदा गुणोत्तर फक्त त्या एकत्रित मॅट्रिक्सचे काढतात. मघाचा चक्रात अडकलेला तज्ज्ञ आठवा आणि त्याच्या जोडीला नेमके उलटे चक्र सांगणारा दुसरा तज्ज्ञ घ्या. ३ आणि १/३ यांचा भूमितीय मध्य १ असतो, त्यामुळे एकत्रित मॅट्रिक्समध्ये सर्वत्र १ येतात आणि गुणोत्तर शून्य होते, जरी दोघांचे स्वतंत्र गुणोत्तर १.१५ असले तरी. तेव्हा प्रत्येक तज्ज्ञाचे गुणोत्तर एकत्रीकरणाच्या आधी, वेगवेगळे काढावे आणि अहवालाच्या तक्त्यात एकत्रित आकड्याशेजारी तेही छापावे.